मुदखेडला उतरलो

(हैदराबाद, नारायणगुडा. १९५६ची दिवाळी नुकतीच झाली आहे. कुसुमताईंच्या घरी सकाळचा चहा चालू आहे. धाकटा भाऊ दिगंबर आणि त्याची बायको विमल आदल्या संध्याकाळी प्रवासाहून परतले आहेत.)

कुसुमताई : म्हणजे समुद्र पाहिलाच नाही?

विमल : नाही, वन्सं.

कुसुमताई : मुंबईला जाऊन?

दिगंबर : मुंबईलाच गेलो नाही, ताई.

कुसुमताई : दिगंबर, तू गप्प बस. लहानपणापासून तू अर्धंच सांगतोस. विमल, तू सांग. काचीगुड्याला मी स्वतः तुम्हाला मनमाडच्या गाडीत बसवून दिलं. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार म्हटल्यापासून इथली सगळी मराठी मंडळी समुद्र बघायला धावतायत. शेजारचे केशवराव चौपाटीवर फोटो काढून आले, आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. तुम्ही गेलात कुठे?

विमल : मुदखेडला उतरलो.

कुसुमताई : मुदखेडला आपलं कोण आहे?

विमल : कुणी नाही. मी बायकांच्या डब्यात होते ना. शेजारी तारामती म्हणून एक बाई होत्या, इस्लापूरकडच्या. मांडीवर नात झोपलेली. डब्यातल्या साऱ्याजणी समुद्राचंच बोलत होत्या. लाट किती उंच येते, पाणी खरंच खारट असतं का. पाहिला कुणीच नव्हता. तर या हळूच म्हणाल्या, ‘आमच्याकडं नदी उडी मारती. ती पाह्यली का कुणी?’ तीही कुणी पाहिली नव्हती.

कुसुमताई : कुठली नदी?

विमल : पैनगंगा. त्या जागेला सहस्रकुंड म्हणतात. मुदखेडला गाडी बदलून आदिलाबादच्या गाडीत बसायचं. तारामती उतरल्या. मग मीही उतरले.

दिगंबर : मी इकडं मर्दान्या डब्यातून चहावाल्याला हाका मारतोय, तर ही फलाटावर उभी. ट्रंकेसकट. म्हटलं, अगं, गाडी सुटून राहिली. म्हणते, सुटू द्या.

कुसुमताई : आणि तू?

दिगंबर : काय करता. उतरलो. बिस्तरा खिडकीतून ओढला. एक चप्पल तेवढी मनमाडला गेली.

कुसुमताई : हसू नकोस. तिकडे माझ्या ओळखीचे मुकुंदराव दादरला वाट बघत राहिले असतील. बिचाऱ्यांनी मोठ्या साहेबांची भेट ठरवली होती. नुसतं जाऊन नमस्कार करायचा होता, की मुंबई शहरातली नेमणूक तुझी. त्यांच्यापुढे मी किती शब्द टाकला होता, ठाऊक आहे?

दिगंबर : ठाऊक आहे, ताई. नांदेडहून तार करून त्यांची माफी मागितली. पण सरकारनं मला मराठवाड्यात टाकलंय. रस्त्यांचा ओव्हरसीअर मी. मुंबई ही तुझी तजवीज.

कुसुमताई : तजवीज तुझ्या भल्याची होती.

विमल : वन्सं, यांना बोलू नका. उतरले मी. हुकूम आल्यापासून हे रात्र रात्र कूस बदलत होते आणि मी झोपेचं सोंग घेत होते. माझा जन्म इथल्याच जामबागेतला. मराठवाडा म्हणजे कुणाच्या तरी मामाचं गाव, एवढंच ऐकलेलं. जो भेटेल तो म्हणायचा, मुंबईला खटपट करा, तिकडे मराठवाड्यात काही नाही. मी फार घाबरले होते. मग गाडीत वाटलं, ते ‘काही नाही’ असतं तरी कसं, एकदा डोळ्यांनी बघून घेऊ.

कुसुमताई : मग? कसं असतं?

विमल : इस्लापूरच्या पुढं बैलगाडी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, त्यापलीकडं सागाचं रान. वाटेत तारामतींनी पळसाच्या पानांवर दहीभात वाढला. नदीचा आवाज आधी आला. मला वाटलं, मालगाडी चाललीय. मग एकदम काळा खडक लागला, आणि सगळी नदी त्यावरून खाली पडत होती, दहा ठिकाणी फुटून. पाण्याचा भुगा अंगावर येत होता. माणूस नाही, दुकान नाही. थोडी मेंढरं आणि आम्ही. मी रडले, वन्सं. का ते मला सांगता येणार नाही.

दिगंबर : रडत होती आणि हसत होती. मी परेशान. तारामतीबाई म्हणाल्या, राहू द्या साहेब, इथं पहिल्यांदा आलं की असंच होतं.

कुसुमताई : आणि राज्य बदललं त्या दिवशी कुठे होता?

विमल : तिथंच, तारामतींच्या घरी. हैदराबाद राज्यात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो. गोधडी तीच.

दिगंबर : नदी म्हणजे सरहद होती ना, ताई. पलीकडं मध्य प्रदेश. त्या रात्री तोही काठ मुंबई राज्यात आला. तारामतीबाईंची धाकटी बहीण पलीकडं दिलीय. तिचे मालक नामदेवराव सकाळीच नावेतून हजर. नवी टोपी, हातात फराळाचा डबा. दारातूनच म्हणाले, ‘आजवर परराज्यातला पाहुणा म्हणून बसून खाल्लं. आता घरचा झालो. काय काम असंल ते सांगा.’

विमल : तारामतींच्या मालकांनी, हिम्मतरावांनी, सरळ कोयता दिला हातात, आणि गोठ्याचं छप्पर शाकारायला वर चढवलं.

दिगंबर : दुपारपर्यंत बिचारा उतरला नाही. मलाही चढवलं त्याच्या मदतीला. दोघं वर बसून चिवडा खात होतो. वरून दोन्ही काठ दिसत होते. इतका हसलो नव्हतो मी कित्येक वर्षांत.

कुसुमताई : तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय ते. ऊन लागलंय, पण चांगला दिसतोय. आता पुढचं सांग. तू काहीतरी करून आलायस.

दिगंबर : ताई, तिथं रस्ता नाही. पावसाळ्यात गाव तुटतं. बाळंतिणीला खाटेवर घालून चिखलातून न्यावं लागतं. मी छपरावर बसून बघत होतो, तर मला रस्ता दिसायलाच लागला. कुठून वळेल, ओढ्यावर मोरी कुठं पडेल. परत येताना नांदेडच्या साहेबांना भेटलो. म्हटलं, मला किनवटच्या बाजूला द्या. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिकडं कुणी मागून जात नाही म्हणे.

कुसुमताई : दिली?

दिगंबर : हौ. डिसेंबरात हजर व्हायचंय.

कुसुमताई : मला विचारलं नाहीस.

दिगंबर : तू नाही म्हणाली असतीस.

कुसुमताई : म्हणाले असते. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तेवढा हक्क आहे माझा. मुंबई म्हटलं की लोकांना सांगता येतं, भाऊ चांगल्या जागी आहे. किनवट म्हटलं तर नकाशा काढून दाखवावा लागेल.

विमल : वन्सं, रागावलात?

कुसुमताई : रागावले. चहा ओत अजून थोडा. त्या गावात मुली किती असतील?

विमल : अंगण भरून होत्या. रोज संध्याकाळी माझ्याभोवती गोळा व्हायच्या. तारामतींच्या नातीनं माझ्या लुगड्याचा काठ धरला आणि विचारलं, ‘इथं काय लिवलंय?’ काठावर नुसती नक्षी होती. तिला ती अक्षरं वाटली.

कुसुमताई : वाचता येत नाही कुणालाच?

विमल : नाही. शाळा आहे ती पुढच्या गावात, मुलांची.

कुसुमताई : आणि तू काय सांगितलंस तिला?

विमल : खरं सांगितलं, की ही वेलबुट्टी आहे. तिचा चेहरा इतका उतरला, वन्सं. मग चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर तिचं नाव लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी आपापलं नाव लिहून घ्यायला आल्या. हिम्मतरावांची भिंत काळी झाली.

कुसुमताई : उन्हाळ्यात शाळेतून निवृत्त झाले मी. अजून सकाळी दहाची घंटा कानात वाजते आणि मी उगाच उठून उभी राहते. उभं राहिल्यावर पुढं काय करायचं, ते समजत नाही.

दिगंबर : ताई, तू निजामाबादच्या पुढं कधी गेली नाहीस.

कुसुमताई : विचारते तेवढं सांग. घर कसलं मिळेल?

दिगंबर : तारामतीबाईंच्याच गावात दोन खोल्या, कौलारू. पावसात गळेल थोडं.

कुसुमताई : मुलींना बसायला ओसरी आहे?

विमल : आहे. मी बघून आले.

कुसुमताई : तू बघून आलीस?

विमल : हो. तुम्ही याल का, हे विचारायचा धीर होत नव्हता, वन्सं.

कुसुमताई : बरं. तारामतींना आधीच सांगून ठेव, मला भाकरी थापता येत नाही.