ओढा रुंद केला तवा

माझं म्हायेर सांगलीच्या अंगाचं, तिथं पूर यायचा त्यो नदीचा, लांबनं दिसत यायचा, मानसाला भांडी उचलायला तरी सवड द्यायचा. लगीन हून उंब्रजच्या वरच्या अंगाला या गावात आले, तर हितं निस्ता ओढा. काय सांगू तुमाला, उनाळ्यात त्यात म्हशीचं शेपूट भिजत न्हवतं. म्हनून तर लोकांनी त्यो दोनी बाजूंनी दाबत आनला, कुनी ऊस लावला, कुनी गोठा बांधला, आमीबी घरामागचं परडं वाढवलं.

मग त्यो वादळी पाऊस आला. पानी दारातनं न्हाई आलं, चुलीच्या बुडातनं वर आलं, भर दुपारी. सुनेनं पोराला झोळीत निजवून पाठ वळवली, फिरून बघती तर झोळी पान्याला टेकल्याली आन आपआपली हलतीया, आन पोर हसतंय. सून म्हनली, आत्या, ओढा रुंद झाल्याबिगर मी या घरात पोर निजवनार न्हाई. आन गेली मलकापूरला म्हायेरी.

वरीसभरानं काम मंजूर झालं. ओढ्याचं पुनरुज्जीवन असा बोर्ड लागला, पुढारी आलं, नारळ फुटला, पान्यावर लय वेळ भाषन झालं आन मंडपात प्यायला पानी न्हवतं. मग कामावरच्या साहेबांनी काठानं चुन्याची रेघ मारली, आन मी मंडपातनं तशीच उठले.

त्याचं आसं हाय, दात न आल्यालं लेकरू गेलं तर आमच्यात जाळत न्हाईत, पुरत्यात, आन गावाची ती जागा म्हंजी ह्योच काठ. पुरायला बापय जात्यात. आईला जागा सांगत न्हाईत, सांगितली तर तिचा पाय तिथनं निघत न्हाई म्हनत्यात. माझी पयली पोरगी ह्यांनीच नेली, पलटनीतनं सुट्टीवर आल्ते तवा. कुटं म्हनून इचारलं, तर म्हनले, झालं ते झालं. मग मी आपली मनानंच करंजीच्या झाडाखालचा चपटा धोंडा धरला, रानात जाता-येता तिथं टेकायची.

खनायचं मशीन आलं त्या सकाळी म्हनलं लांबनं बघून यावं, जाऊन बघती तर सारा काठ बायकांनी भरल्याला. कुनी कुनाला सांगितल्यालं न्हाई, कुनी कुनाशी बोलत न्हाई, एक हितं, एक तितं, जिच्या तिच्या जागेवर हुबी. मशीनवाला परगावचा, म्हनला, मावशे, सभा हाय का काय? माझ्या धोंड्यावर शेजारची चिंगूआक्का बसल्याली, बांधावरनं सारा जलम माझ्याशी भांडल्याली. म्हनली, तू गं का हितं? मी म्हनलं, तू का? तिलाबी कुनी सांगितलं न्हवतं, तिनंबी मनानंच धरल्याला. म्हनलं सर की जरा, तर सरली.

तेवढ्यात आमचं मालक आलं. माझ्याकडं न बघता फुडं गेलं, करंजी सोडून पार ओढ्याच्या वळनावर, आन पाय जुळवून हुबं ऱ्हायलं. मला कळलं. इतकी वर्सं मी दुसऱ्याच जागेला टेकत हुते. आन त्या वळनालाच पानी तुंबायचं आन आमच्या घरात शिरायचं. साहेब म्हनले, बाबा, वळन सोडलं तर सगळं काम वाया. हे हालंनात. मग मीच गेले. भुई गार लागली, गारवा पायातनं वर चढला, आन खरं सांगते, पाय निघंना. तसाच ह्यांचा हात धरला, म्हनलं, आवं, चला आता, नातू घरी आनायचा हाय.

मशीननं वळन खनलं. काय निघालं म्हनाल, तर माती. निस्ती काळी माती. सगळ्या बघत हुतो.

आता पानी परड्याच्या खालनं जातं, घरात येत न्हाई. सून आली, पोर चालाया लागलं. पन वळनाला ओढा गप हुतो. वर खळखळ, खाली खळखळ, मधी कायबी न्हाई. साहेब म्हनत्यात, तिथं खोली जास्त हाय. असंल. सांजचं मी आन चिंगूआक्का तिथं जाऊन बसतो. ती म्हनती, निजल्यात वाटतं. मी म्हनते, निजू दे गं.