भागाबाईचा रांजण

मंडळी, एक विचारतो. शब्द दिला, देवाला साक्षी ठेवून दिला, आणि तो पाळता पाळता दुसऱ्याचं लेकरू तापानं फणफणलं — तर शब्द पाळायचा की मोडायचा? बघा, पुढच्या रांगेनं लगेच माना खाली घातल्या. अवघड आहे, म्हणून तर आख्यानाला घेतलं. ऐका.

बोरवाडीची शाळा, चौथीपर्यंतची. व्हरांड्यात एक दांडगा रांजण. कुणी दिला? भिवाजी आबांनी, त्यांच्या बायकोच्या, भागाबाईच्या नावानं. ती जाताना तिच्या उशाशी बसून आबांनी शब्द दिला होता — शाळेत रांजण बसवतो, कधी रिकामा पडू देणार नाही. आणि पडू दिला नाही हो! रोज सकाळी खांद्यावर घागर, मुखात नाम. रांजणात निम्मं असो, पाव असो, वरून ओतायचं. तळ? तो बसवल्यापासून कुणी पाहिलाच नव्हता.

पावसाळा सरला आणि पोरं तापानं आजारी पडू लागली. शाळेच्या उर्मिलाबाईंनी रांजणाच्या तळातून पेलाभर पाणी काढलं आणि आबांपुढं धरलं. आत बारीक अळ्या उलट्यासुलट्या वळवळत होत्या.

"पाण्यात जीव असायचाच, बाई," आबा म्हणाले. "पोरांची तहान भागतीय, त्यात यांचीबी भागू द्या."

"याच अळ्यांचे डास होतात, आबा, आणि दिवसाढवळ्या वर्गात पोरांना चावतात. त्यातनंच डेंग्यू पसरतो. आठवड्याला रांजण पालथा घालून आतनं घासायलाच हवा. अंडी कडेला चिकटून राहतात."

"पालथा? मी मेल्यावर घाला."

"तुम्ही शंभरी गाठणार. तोवर पोरांनी काय करायचं?"

हसलात ना? आबा हसले नाहीत. तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी घागर घेऊन आले, तर व्हरांड्यात कावेरी नाही. दुसरीतली पोर, रोज आबांपुढं पहिली ओंजळ तिची. "आबा, आधी मला" म्हणणारी. तिला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात नेलेलं — डेंग्यू. आबांनी घागर उचलली, रांजणावर धरली. ओतवेना.

उर्मिलाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "रांजण मला पालथा घालता आला असता, आबा. पण शब्द तुमचा आहे. म्हणून विचारते, भागाबाई शेवटी काय म्हणाल्या? त्यांच्याच तोंडचं सांगा."

"म्हणाली, शाळेतली पोरं पाण्यासाठी उन्हातान्हात घरी पळत्यात. तेवढं बघा."

"आणि रांजण?"

रांजणाचं नाव त्या माऊलीनं काढलंच नव्हतं, मंडळी! ते आबांनी पदरचं घातलेलं. तिचा जीव पोरांत, आणि हे मातीचं भांडं धरून बसले.

आबांनी घागर खाली ठेवली. धोतराचा काचा मारला. "बाई, तिकडनं धरा."

पाणी गेलं लिंबाखालच्या कोरड्या मातीत. तळाशी हिरवं शेवाळ. आबांनी खांद्यापर्यंत हात घातला आणि राख-काथ्यानं आत घास घास घासलं. कडेला बोट फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे. रांजण उन्हात पालथा पडला, तोच मधली सुट्टी झाली आणि पोरं पाण्याला आली. आता? आबांनी ताजी घागर उचलली, पायरीवर उभे राहिले आणि एकेकाच्या ओंजळीत धार धरली. रांजण कोरडा ठाक, पण एक पोर तहानलेलं घरी गेलं नाही.

कावेरी परत आली का? आली. देवाची कृपा, आणि डॉक्टरांची. पण सगळ्यांचीच लेकरं परत येतात असं नाही. म्हणून आबांनी रांजण घासायचा एकही शनिवार चुकवला नाही — ताप होता तेव्हाही, गुडघा सुजला तेव्हाही.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या शाळेवर टाकी आहे. कुणाच्या तरी वडिलांच्या नावानं दिलेली, म्हणून तिचं झाकण कुणी उघडत नाही. मागं टायर पडलेत, त्यात पाणी. कूलर उन्हाळ्यापासून तसाच. पुण्य हवंय ना? उद्या शाळा भरायच्या आत मी टाकीपाशी उभा असेन, खराटा आणि काथ्या घेऊन. टाळ घरी ठेवून या. दोन्ही हात मोकळे लागतील.