शनिवारचा साबण

— नाही, आत या, दारात उभं राहून बोलू नका, हिला गारठा बाधतो, आणि माझे हात हे असे साबणात. दार तुम्हीच लावा. क्लिफर्ड घरात नाहीये. खाणीच्या जुन्या रस्त्यापलीकडे भाजीचे वाफे आहेत ना, तिथं गेलाय, जेवायच्या वेळेला येईल. फोन इथंच विसरलाय, तो बघा ब्रेडच्या डब्यावर — सकाळपासनं गुरगुरतोय, तो तुमचाच का? मी नाही घेत त्याचे फोन. नको ते कानावर येतं. काय काम होतं त्याच्याकडे? ... त्यालाच सांगायचंय. बरं. बसा मग. मी त्याची बायको, ग्लेनिस. चाळीस वर्षांच्या वर झाली आम्हाला, पण असू दे, त्यालाच सांगा.

फेरेट बघितलीय का कधी? ही पार्किन, सशांच्या शिकारीचं जनावर. हातभर लांब, कमरेत हाड नसल्यासारखी — सशाच्या बिळात सोडली की एका तोंडानं आत जाते आणि ससे दुसऱ्या तोंडानं थेट जाळ्यात. क्लिफर्डचा बाप पाळायचा, त्याचा बापही. सिंकच्या तळाशी जुना टॉवेल घालायचा, नाहीतर नखं घसरतात आणि घाबरतं जनावर. पाणी कोमट, बाळाला लागतं तेवढंच. एक हात पुढच्या पायांखालनं, आणि डोक्यावर पाणी ओतायचं नाही — मान हलवताय, म्हणजे ठाऊक आहे तुम्हाला. कसं काय ठाऊक? ... असं. कामावर शिकलात. कसलं काम म्हणालात? नाही म्हणालात, हो.

वर्षातनं दोनदा आंघोळ पुष्कळ झाली हिला. जास्त धुतली की कातडी कोरडी पडते, अंगाला आणखी तेल सुटतं, वास दुप्पट. आणि हा माझा या महिन्यातला चौथा शनिवार. तरी का धुते, विचारा की. नका विचारू, मीच सांगते. ऑक्टोबरपासनं आमचे हे दर शनिवारी सकाळी हिची पेटी खांद्याला लावून सशांवर जातात. जा बाबा, सत्तरीत कुठला पुरुष आपणहून घराबाहेर पडतो. पण पार्किन परत येते ती कशी? बिळात गेलेली फेरेट यावी कशी — कानात माती, पोटाला चिखल, रक्ताचा एखादा डाग. ही येते ती सुगंधी. तान्ह्या बाळांचा साबण असतो ना, तो. नखं कापलेली. कान कापसानं पुसलेले — या माणसानं जन्मात स्वतःचे कान पुसले नाहीत. आणि ससे आणतो दोन, ते सोललेले, कागदात गुंडाळलेले. जाळी बघितली तर तीन महिन्यांत ओली झालेली नाही. मग मी काय समजायचं? दुसरं कुठलंतरी सिंक आहे. दुसरं कुणीतरी आहे त्या सिंकपाशी उभं. आज तर पेटी उचलूच दिली नाही, आठलाच वाफ्यांवर पाठवून दिला, तो यायच्या आत ही धुवायची म्हणून, आपल्या भांड्यांच्या साबणानं. माझ्या घरात तो वास नको मला. भांडले नाही हो मी. विचारलंसुद्धा नाही. विचारलं की उत्तर ऐकावं लागतं.

तो टॉवेल द्या जरा — नाही, राहू दे, अहो, धरा, धरा तिला, ओली आहे ती —

सुटत नाही एरवी. माझ्या हातनं सुटून सरळ तुमच्या बाहीत. बघा कशी गेली. वर खांद्याशी पोचली आणि गप्प झाली. ती परक्याच्या बाहीत जात नाही, बाई. पोस्टमनला चावलीय, माझ्या सख्ख्या बहिणीला चावलीय. तुमच्या बाहीत तिला वाट माहीत आहे.

आणि आता तुम्ही जवळ आलात तर — तोच साबण. तुमच्या हातांना.

बसा खाली. ती असू दे तिथंच. रडायचं कारण नाही, रडायचं तर मी रडायला हवं. वय काय तुमचं, पस्तीस? लाज नाही वाटली, की त्यालाच वाटली नाही? ... काय? कोट काढून काय दाखवताय? निळा झगा. बिल्ला. ... वृद्धांचं घर. टेकडीवरचं ते. तिथं तुम्ही कामाला. बरं, मग? ... आंघोळ घातल्याशिवाय जनावर आत नेता येत नाही, नियम आहे, म्हणून तुम्ही घालता, शनिवारी, मागच्या धुण्याच्या खोलीत. आत म्हणजे कुठं? म्हाताऱ्यांच्या मांडीवर द्यायला? क्लिफर्ड? तो मला चहा हातात देत नाही.

कुणाच्या खोलीत जातो तो?

सांगू नका म्हणालाय. बरोबर. ग्लेनिसला सांगू नका. म्हणजे एकच माणूस उरतो, पोरी. अठरा नंबर की वीस नंबर, मला खोली सांगू नकोस. डेरेक.

या स्वयंपाकघरात हे नाव चाळीस वर्षांत निघालं नव्हतं. क्लिफर्डचा थोरला भाऊ. दोघं एकाच पाळीला कोळशाच्या खाणीत उतरायचे, दोघांत मिळून एकच फेरेटची पेटी. मग चौऱ्याऐंशीचा संप. तू जन्मलीही नव्हतीस. मार्चमध्ये बंद, नोव्हेंबरपर्यंत घरात विकण्यासारखं काही उरलं नव्हतं, मी युनियनच्या हॉलमध्ये दोनशे माणसांचं सूप ढवळत होते, आणि एका सोमवारी खिडक्यांना जाळ्या लावलेली बस आली, तीत डेरेक बसलेला. संप फोडला त्यानं. आमच्याच गल्लीतनं, डोकं खाली घालून. क्लिफर्ड रस्त्याच्या कडेला उभा होता, ओरडला नाही, नुसता उभा. त्या दिवसापासनं भाऊ मेला असं धरायचं, हे मी ठरवलं. मी. आणि त्याच आठवड्यात डेरेकच्या दारावर कुणीतरी रंगानं लिहिलं, संपफोड्या, दाराच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत. त्याची बायको पोरांना घेऊन आईकडे गेली ती परत आलीच नाही. पोरं शाळेत जाताना ते दार बघायची ना. लोक म्हणायचे पलीकडच्या गल्लीतल्या टोळक्याचं काम. टोळक्याला शुद्धलेखन येत नव्हतं. मी तर एकेक अक्षर नीट —

...

पाणी गार झालं.

मुळापासनं ऐक मग, अर्धवट नको. ते दार रंगलं त्याच्या आदल्या रात्री आमच्या मागच्या दाराशी कोळशाची गोणी होती. चिठ्ठी नाही, काही नाही. त्या आठवड्यात गावात कोळसा एकाच घरात येत होता, कामावर परतलेल्याच्या. माझी पोरं कोट घालून झोपत होती, धाकटीची छाती वाजत होती. पेटवला मी तो. क्लिफर्डला म्हटलं, रुळांकडेनं वेचून आणला. पोरांना ऊब लागली, झोपली, तोंडं लाल झालेली. मला ते बघवेना. सकाळी पाळण्याला द्यायचा हिरवा रंग घेतला आणि गेले. समजतंय का तुला? त्याचा कोळसा जाळला आणि मग त्याचंच दार रंगवायला गेले. न जाळता गेले असते तर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं नसतं.

क्लिफर्डला ठाऊक नाही. कुणालाच नाही. तू कोण माझी, तुला कशाला सांगितलं मी.

आता तू सांग. सकाळपासनं फोन का करतेस? ... आज. दुपारपर्यंत जेमतेम काढेल, डॉक्टर म्हणाले. तो क्लिफर्डचं नाव घेतोय? ... आणि पार्किनचं. बरं. शुद्धीत आहे? बोललेलं ऐकू येतं त्याला? नीट सांग, येतं का? ... येतं.

काढ तिला बाहीतनं, कोरडी कर, पेटीत गवत घाल. ती मागं, कोळशाच्या कोठीशी. आणि तू पुढं हो, आम्ही येतो मागनं. आम्ही म्हणाले मी, ऐकलंस ते. क्लिफर्डला तू काहीही सांगायचं नाहीस, गोणी नाही, दार नाही. ते मला डेरेकला सांगायचंय आधी, मग त्याच्यासमोरच याला. जा म्हणते ना. मागच्या दारानं जा. फाटक वाजलं, तोच आहे —

क्लिफर्ड, बूट काढू नकोस.