पाचाडच्या वाटेवर वकीलसाहेबांची मोटार कुठे थांबली

महाड, मंगळवार, तारीख १२ मे १९५९

मी ठमाबाई सोनबा उतेकर, वय पासष्टच्या आसपास, धंदा शेती, शिक्षण सही शिकले होते पण आता येत नाही, राहणार पोलादपूर, जिल्हा कुलाबा, समक्ष विचारल्यावरून सांगते की, काल सकाळी पहिली आली ती गोदूबाई. मोटार तिच्या मागून आली. गोदूबाई आमच्या शेजारची. तिचा गुडघा धरलेला असतो, पण बातमी असली की नसतो. मी अंगणात आमसुलं उन्हात घालत होते. ती म्हणाली, "ठमाबाय गो, वकिलाची मोटार नाक्यावर उभी हाय. आत जमादार हाय. तुझ्या घराची वाट विचारतायत."

मी म्हटलं, "मग सांगितलीस का?"

ती म्हणाली, "सांगितली. पण लांबची सांगितली."

माझ्या मुलीचा मुलगा हैबती हा लहानपणापासून माझ्याजवळ आहे. महाडचे वकील चिंतामणी शिर्के यांच्या मोटारीवर तो दोन वर्षं ड्रायव्हर आहे. मोटार लहान, काळी, चार दारांची, मुंबईहून जुनी घेतलेली. आमच्याकडे म्हैस किती दूध देते ते पाहुण्याला विचारावं लागतं. वकीलसाहेबांना मोटार किती मैल देते ते विचारावं लागत नाही. आमच्या पुतणीच्या लग्नात आहेराच्या वेळी त्यांनी सांगितलं होतं, गॅलनला छत्तीस. पुढच्या साली चौतीस सांगितले. मागच्या पावसाळ्यानंतर तीस झाले, आणि शिमग्यापासून सत्तावीसवर आले तेव्हा त्यांनी सांगायचं बंद केलं व ठाण्यावर येऊन फिर्याद दिली, की हैबती रबरी नळीने पेट्रोल काढून विकतो.

तेव्हापासून हैबतीचं लायसन ठाण्यात आहे. तो रोज सकाळच्या एसटीने महाडला हजेरीला जातो व परत येतो. पूर्वी तो जेवताना गप्प बसत नसे. आता भात वाढला तरी पुरे म्हणत नाही, वाढतच राहावं लागतं, मग ताटात राहतो. हे जबाबात येत नसेल तर सोडा.

काल मोटारीतून तिघे उतरले. वकीलसाहेब, जमादार, आणि पंच म्हणून मालोजीशेठ. मालोजीशेठचं बाजारात किराणा दुकान आहे, शरीराने भरलेले आहेत. घरात पेट्रोलचे डबे आहेत का ते बघायचं होतं. मी म्हटलं, बघा, पण आधी ताक घ्या. ताक घेतलं. घर बघितलं. माळ्यावर एक डबा सापडला. जमादारांनी वास घेतला व वकीलसाहेबांकडे बघितलं. मालोजीशेठ म्हणाले, "ते घासलेट हाय. माझ्याच दुकानचं. पैशे पण आलेले हायत."

मग वकीलसाहेबांनी दुसरी गोष्ट काढली. ते म्हणाले, टाकी इथेच रिकामी करू, पंचांसमोर एक गॅलन मोजून घालू, मी स्वतः चालवतो, बघू कुठे जाऊन थांबते. जमादार म्हणाले, "तीस मैलांच्या आत थांबली तर दोष मोटारीचा. तीस ओलांडले तर दोष हैबतीचा. कबूल?" वकीलसाहेब कबूल म्हणाले. हैबतीच्या बाजूने कोणीतरी मोटारीत बसलं पाहिजे असंही तेच म्हणाले. तो स्वतः ठाण्यावर हजेरीला गेलेला. घरात मी एकटी. मी हात धुतले व लुगडं बदलून आले.

टाकीतलं पेट्रोल काढायला त्यांनी माझी तांब्याची घागर मागितली. ती दिली नाही. पत्र्याचा जुना डबा दिला. तो भरून मोटारीच्या मागच्या खणात ठेवला. डबा अद्याप परत मिळालेला नाही.

मी यापूर्वी लहान मोटारीत बसलेली नव्हते. एसटीत बसले आहे, पण एसटीत खिडकी दुसऱ्याची असते. इथे पूर्ण खिडकी माझी. गोदूबाई तोंडाला पदर लावून उभी होती. मी तिला हात केला. तिने केला नाही. शेजारी मालोजीशेठ बसल्यावर माझ्या बाजूची गादी वर आली व मला बाहेरचं जास्त दिसू लागलं. सावित्री नदी एवढी जवळून पळताना मी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं, आणि ते वाटल्याचं बरं वाटत नव्हतं. मोटार चालली की हैबती अडकणार, थांबली की सुटणार, आणि मी आपली खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलेली. एका जागी बसवेना. जमादार दोनदा म्हणाले, आजी, दाराची मूठ सोडा.

महाडपर्यंत अकरा मैल झाले. तिथून दासगावला गेलो व वळून परत महाडला आलो, ते अकरा. मग पाचाडची वाट धरली. त्या वाटेवरचा मैलाचा आठवा दगड म्हणजे तीस, असा हिशेब वकीलसाहेबांनी बोटांवर करून दाखवला. जिथे जिथे उतार आला तिथे ते इंजिन बंद करत. मोटार मुकी होऊन घसरत जाई. जमादारांनी विचारलं, "हैबतीसुद्धा असंच करतो का?"

वकीलसाहेब म्हणाले, "करायला सांगितलं आहे."

हैबती उतारावर इंजिन बंद करतो की नाही हे मला माहीत नाही. मालकाची मोटार म्हणून त्याने मला तीत कधी बसवलेलं नाही.

पाचाडच्या वाटेवर पहिले दगड भराभर गेले. मला उजवीकडचे दिसत नव्हते म्हणून मालोजीशेठ सांगत होते. सहावा सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला. सातवा त्यांनी सांगितलाच नाही, मी विचारल्यावर मान हलवली. पुढे चढ लागला. चढावर मोटारीने उचकी दिली, आणखी एक दिली, व थांबली. आठवा दगड पुढे दिसत होता, पण पुढे होता. मी पदर नीट केला व रायगडाकडे बघून हात जोडले.

वकीलसाहेब म्हणाले, "ही थांबली असं धरता येणार नाही. चढावर पेट्रोल टाकीत मागे जातं, नळीला लागत नाही. सपाटीवर घेऊन बघू."

जमादार म्हणाले, "हे आधी सांगायचं होतं साहेब."

"चढ आधी आला नव्हता."

मालोजीशेठ उतरले व मी पंच आहे, मी ढकलणार नाही म्हणून रस्त्यात तिथेच उभे राहिले. पाटीत करवंदं घेऊन दोन माणसं येत होती, त्यांना बोलावलं. वकीलसाहेब मला म्हणाले, "आजी, तुम्हीही उतरा, तेवढंच वजन कमी."

मी म्हटलं, "मला बसायला सांगितलंय. वाण्याचं वजन उतरलंय ते काय कमी हाय?"

जमादार हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. जमादार व त्या दोघांनी मोटार ढकलून सपाटीवर नेली. दगड अजून पुढे होता. वकीलसाहेबांनी आत बसून कळ फिरवली. मोटार बोलली. मी मनात म्हटलं, गप गो बाय. ती गप झाली नाही. चालू लागली, दगड मालोजीशेठच्या रिकाम्या खिडकीवरून गेला, आणि हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर एका आंब्याखाली ती थांबली. मग पुन्हा बोलली नाही.

वकीलसाहेब खाली उतरून ओरडले, "इथे थांबली!" तिकडून चढावरून मालोजीशेठ ओरडले, "हितं थांबली!" करवंदवाले कधी इकडे बघत, कधी तिकडे. जमादार माझ्या दाराशी आले व म्हणाले, "आजी, आत तुम्ही होता. कुठं थांबली?"

मी सांगितलं, ते इथेही लिहून घ्यावं. पहिल्यांदा ती चढावर थांबली, दगडाच्या अलीकडे. ढकलल्यावर पुन्हा चालू झाली आणि दगडाच्या पलीकडे गेली. दगड मी स्वतः पाहिला. हैबती माझा नातू आहे हे मला माहीत आहे.

मालोजीशेठ घामाघूम होऊन आले तोवर माझं सांगून झालं होतं. ते हळूच म्हणाले, "आजी, दगड दिसला नाय म्हणायचं. पदर डोळ्यांवर होता म्हणायचं."

मी म्हटलं, "पदर डोक्यावर होता."

वकीलसाहेब बराच वेळ मोटारीभोवती फिरत होते. टायर बघितले, टाकीखाली वाकून बघितलं. मग जमादारांना म्हणाले, "पुन्हा करू. सपाट रस्त्यावर. इंजिन कुठेही बंद करायचं नाही." जमादार म्हणाले, चालवणार कोण? वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं व म्हणाले, "हैबतीच चालवू दे. आजी आत बसणार असतील तर माझी हरकत नाही."

माझ्या डब्यातलं पेट्रोल घालून आम्ही परत आलो. करवंदवाल्यांनी मला द्रोणभर करवंदं दिली, पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी हैबतीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आज्ये, दगड बघितला ते बोललीस कशाला?" मी म्हटलं, "बघितला म्हणून." मग तो म्हणाला, चढावर वकीलसाहेबांनी गिअर कितवा टाकला होता? मी म्हटलं, मला काय ठाऊक, ते दांडी धरून बसले होते. तो हसला. मी भात वाढतच होते, तेव्हा त्याने पुरे म्हटलं, आणि ताटात काही राहिलं नाही. मला मात्र अजून धड झोप नाही.

वर सांगितलेला मजकूर मला मराठीत वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फक्त वार राहिला होता तो घालायला लावला, व मग डाव्या हाताचा अंगठा दिला. येत्या गुरुवारी, ऊन चढायच्या आत, वकीलसाहेब, जमादार व मालोजीशेठ पुन्हा पोलादपूरला आमच्या घरी येणार असं सांगून गेले आहेत.