दगडफुलाची आमटी

अहल्या : साल एकोणीसशे एकसष्ट. अण्णांनी नवी सायकल घेतली ते साल.

वसुमती : साठ. डिसेंबर. बघायला मला आले होते, अक्का, तुला नव्हे.

अहल्या : सरी, बरं बाई, साठ. तुझं लग्न, तुझं साल.

प्रेमा : आजी, साल कुठलंही असू दे. मी दोनच गोष्टी विचारल्या. मसाल्यात हे काळं, वाळक्या पानासारखं काय घालायचं? आणि हा गंजका डबा टाकून देऊ का?

अहल्या : एकाच गोष्टीची दोन टोकं धरलीस बघ. ते दगडफूल. इथं दुकानात कल्लुहूवू म्हणतात. आणि डबा तुझ्या वसुआजीच्या नवऱ्याचा. खाली ठेव.

प्रेमा : हयवदन आजोबांचा?

वसुमती : तेव्हा आजोबा नव्हते. कॉलेजात शेवाळ शिकवायचे.

प्रेमा : शेवाळ कोण शिकतं?

वसुमती : शेवाळ, बुरशी, भूछत्रं, दगडफूल. ज्याला फूल येत नाही ते सगळं त्यांचं.

अहल्या : कारवारच्या पुढं समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या आहेत. जंगलखात्यानं कुंपण घालून राखलेल्या. हा बाबा सुट्टीभर तिथं भिंग घेऊन पालथा पडला होता. एका सुरूच्या झाडावर त्याला एक दगडफूल मिळालं, पुस्तकात नसलेलं. ते, थोडं शेवाळ, थोडी भूछत्रं, सगळं बिस्किटांच्या डब्यात भरून इथं मल्लेश्वरमला आपल्या मामांकडं उतरला. रविवारी सकाळी डबा आपल्या सरांना दाखवायचा आणि दुपारी बसवनगुडीला आमच्याकडं मुलगी बघायची.

प्रेमा : एकाच दिवशी? मस्त प्लॅनिंग. वसुआजी, तुला तो आवडला होता का?

वसुमती : बघितलाच नव्हता. मला यलहंक्याचे गुंडोपंत नको होते, एवढंच.

अहल्या : बिजवर. तेलाची गिरणी. शिंकले की छपरावरची कबुतरं उडायची. आधी दोन ठिकाणांहून हिला नकार आलेला. अण्णा म्हणाले, हा तिसरा नाही म्हणाला तर गुंडोपंतांना होकार कळवतो.

वसुमती : ते आमच्या घरी आले की मी परसात जाऊन बसायची. तिथंही शिंक ऐकू यायची.

प्रेमा : पण डबा?

अहल्या : सांगते, स्वल्प थांब. मामांच्या घरचा रिवाज असा, की मुलगी बघायला जायच्या आदल्या दिवशी तिच्या घरी गोड पाठवायचं. त्यांनी धारवाडचे पेढे पाठवले. तेही बिस्किटांच्याच डब्यात.

प्रेमा : नाही! डबे बदलले?

वसुमती : बदलले.

अहल्या : अम्मानं झाकण काढलं. पेढे नाहीत. तीन पुड्या. एकीत दगडफूल, एकीत तपकिरी गोळ्या, एकीत हिरवट काथ्यासारखं काहीतरी. आमची अम्मा, अनुसूयाबाई म्हणजे गल्लीत शहाणी. डोकं चालवलं. म्हणाली, ही परीक्षा आहे. संसाराचं सामान पाठवलंय. या घरच्या बायकांना त्याचं काय करायचं ते कळतं का, हे त्यांना बघायचंय.

प्रेमा : सिरियसली?

वसुमती : मग सगळं वापरायला काढलं. दगडफूल भाजून मसाल्यात कुटलं. काथ्या कामवाल्या ठकुबाईला दिला, ताटं घासायला.

प्रेमा : ते शेवाळ होतं ना? आणि गोळ्या?

वसुमती : अम्माला वाटलं रिठे. माझे केस धुवायला.

अहल्या : हिनं न्हाणीत एक रिठा फोडला आणि आतून धूर निघाला. भूछत्रंच ती, वाळलेली, आत नुसती भुकटी. ही आतून ओरडते, अम्मा, रिठा पेटला. अम्मा म्हणते, उंची माल दिसतो, चोळ.

वसुमती : मी चोळला. गुंडोपंत डोळ्यांसमोर होते.

प्रेमा : आणि तिकडे सरांकडे?

अहल्या : सरांनी डबा उघडला, भिंग लावलं, एक उचलून तोंडात टाकला. म्हणाले, उत्तम नमुना आहे, आणखी कुठं सापडतो?

वसुमती : त्यांना तिथंच कळलं आपला डबा कुठं गेला ते. पण मामांनी दम दिला, जेवण होईपर्यंत डब्याचं नाव काढायचं नाही, मुलीकडं दिलेली भेट कोण परत मागतं.

अहल्या : त्यामुळं आल्यापासून त्याची नजर कोनाड्यात, कपाटावर, पलंगाखाली. अम्मा माझ्या कानात म्हणाली, केर बघतोय. ही समोर येऊन बसली, हिच्याकडं मान वर करून बघितलं नाही.

वसुमती : मी मनात म्हटलं, झालं. तिसरा नकार.

अहल्या : पानं वाढली. आमटी तीनदा मागून घेतली त्यानं. आणि अण्णांच्या दाताखाली वाळू आली. अण्णा, म्हणजे भीमसेनराव, आमटीत वाळू सहन करणारे नव्हेत. म्हणाले, अनुसूये, मसाला निवडलास की नाही? अम्मा मोठ्या अभिमानानं म्हणाली, यांच्याकडचंच दगडफूल आहे हो, सगळंच्या सगळं कुटून घातलं.

वसुमती : त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, सगळं?

अहल्या : मग त्याच्या मामींनी विचारलं, अरे, विषारी तर नाही ना? तर हा म्हणतो, सांगता येत नाही. आजवर कुणी खाल्लेलं नाही. आता कळेल.

प्रेमा : (हसू आवरत) मग डॉक्टर?

वसुमती : डॉक्टर म्हणाले, उलटी झाली तर या.

अहल्या : सगळे ओसरीवर ओळीनं बसलो, मरायची वाट बघत. अण्णांनी सायकल कुणाला द्यायची ते सांगितलं. मामी पेढ्यांची आठवण काढून रडत होत्या. आणि हयवदनाला एकदम आठवलं, भूछत्रं कुठायत? कळलं, ती हिच्या केसांत. लगेच भिंग काढून हिच्या मागं जाऊन बसला. बटा बाजूला करून भुकटी शोधतोय, चिमट्यानं कागदावर घेतोय. भर ओसरीवर, अण्णांसमोर.

वसुमती : पहिलं वाक्य मला काय बोलले? "हलू नका, इथं बरीच आहे."

प्रेमा : किती रोमँटिक.

वसुमती : दुसरी माणसं असती तर दहा मिनिटांत चहा पिऊन गेली असती. इथं मरेपर्यंत वेळ होता. मी विचारलं, दगडफूल म्हणजे नेमकं काय? म्हणाले, शेवाळ आणि बुरशी एकत्र राहतात. बुरशी घर देते, शेवाळ स्वयंपाक करतं. मी विचारलं, आणि भांडी कोण घासतं?

अहल्या : केस विंचरायचे थांबले महाराज.

वसुमती : पुढं आले आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. म्हणाले, हे अजून कुणी शोधलेलं नाही.

अहल्या : दिवेलागण झाली. कुणी मेलं नाही. अण्णा उठले आणि म्हणाले, परक्या मुलानं आमच्या मुलीचे केस भिंगातून बघितलेत. आता नकाराचा प्रश्न कुणाकडूनच येत नाही.

प्रेमा : आणि ते नवीन दगडफूल?

वसुमती : पुन्हा मिळालं नाही. दर डिसेंबरला आम्ही त्या टेकड्यांवर जायचो. मीही पालथी पडायची. त्या सुरूवर दुसरं काय काय होतं, ते नव्हतं. तिथल्या शेवाळावर त्यांची डॉक्टरेट झाली.

अहल्या : सर सगळ्यांना सांगायचे, याच्या पहिल्या नमुन्याची चव अजून जिभेवर आहे. अण्णा त्या सायकलवरून पुढं पुष्कळ वर्षं कचेरीत गेले. अम्मानं मात्र आलेला कुठलाही डबा आधी ठकुबाईला उघडायला लावला, शेवटपर्यंत. ठकुबाई म्हणायची, तशी ताटं पुन्हा निघाली नाहीत. गुंडोपंतांना तुमकूरची बायको मिळाली, बहिरी. सुखी झाले.

प्रेमा : आणि आजोबा? त्या आमटीबद्दल काही म्हणाले की नाही?

वसुमती : जन्मभर. मी आमटी केली की भुरका मारायचे आणि म्हणायचे, छान आहे, पण तशी नाही. मी चिडायची. ते जायच्या आधी लिहून घेईन म्हटलं होतं, तशी म्हणजे कशी. ते राहिलंच.

प्रेमा : मग या डब्यात आता काय ठेवतेस?

वसुमती : मसाला. दे इकडं, झाकण घट्ट लागतं त्याचं. अजून करते ना मी, एकटीपुरती, वाटीभर.

प्रेमा : कशी होते?

वसुमती : छान होते. पण तशी नाही.