सरसाची तुळई

भ्यालो म्हणाल तर मी एकदाच भ्यालो, तेबी माझ्याच हातच्या कामाला. निजामाच्या राज्यात, लढाईच्या सालात, वालूरला लांब सागवान मिळंना. मंग मी पातळ फळ्या एकावर एक सरसानं चिकटवून मालकाच्या छताला तुळई केली.

मालक भडकले, "सुतार, चिकटवलेल्या लाकडाखाली माझी लेकरं झोपवू व्हय?"

मी बोलून गेलो, "छतावर ज्वारीची पोती रचा. खाली मी बसतो."

त्यांनी खरंच पोती चढवली. दहावं पोतं पडलं आन् तुळई कर्र वाजली. डोक्यावर माती सांडली. माझी नजर दाराकडं गेली. तेवढ्यात माझी बायको भाकर घेऊन आली. तिनं वर बघितलं आन् माझ्याशेजारी बसली.

"घरी जा!" मी वरडलो.

"तुमचा भरवसा हाय ना तुळईवर? मंग मला काय व्हतंय?"

आणखी दहा पोती चढली. तुळई वाकली न्हाई. मालक म्हणाले, "या बाहेर, पटलं मला."

बाहेर आल्यावर बायकोनं इचारलं, "भ्याला न्हाईत ना?"

"छ्या! मी कशाला भिऊ?"

"मंग माझा हात सोडा आता. बोटं लय दुखायलीत."