साठ रुपयांची अदब

बुजुर्गांनो, भावांनो, आणि पडद्यामागे बसलेल्या मावश्यांनो,

मी हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणून मला बोलायला उभं केलंत. याच्याकडे शब्द असतील, असं तुम्हाला वाटलं. आज फार नाहीत. आहेत ते गोड नाहीत.

अब्बासचाचांना जाऊन आठ दिवस झाले. महाडात एवढा मोठा जनाजा मी पाहिला नव्हता. खांदा द्यायला रीघ लागली होती. चालता चालता मनात आलं, ही माणसं दोन वर्षं कुठे होती? मग आठवलं. मीही त्यांच्यातच होतो.

चाचा आपल्या वक्फचे मुतवल्ली होते. म्हणजे कारभारी. मालक नव्हेत. हा फरक ते विचारलं नाही तरी सांगायचे. सावित्रीकाठची आमराई हाजराबीनं अल्लाच्या नावावर सोडली, तेव्हा कागदात एवढंच लिहिलं: बाग कधी विकायची नाही, फळ विकायचं, आणि त्यातून गावातल्या निराधार बायकांना बाराही महिने तांदूळ द्यायचा. बाराही महिने. चाचा तो कागद धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवत.

फळ आपण कसं विकतो? मोहोर धरला की शुक्रवारच्या नमाजानंतर पारापाशी बोली होते. हमीदशेठ म्हणतात, साठ. मग सगळे गप्प. बुजुर्गाच्या बोलीवर बोली चढवायची नाही, ही आपली अदब. माझ्या वडिलांनी पाळली. मी पाळली. हमीदशेठ, तुम्ही समोर बसला आहात म्हणून नाव घेतो. पाठीमागे घ्यायची सवय मला सोडायची आहे.

साठ रुपयांत मशिदीची कौलं चाळायची, राखणदाराला द्यायचं, उरेल त्याचा तांदूळ. तो चार महिने पुरतो. पाचव्या महिन्यात त्या बायकांतली मरियमबी रिकामं फडकं घेऊन चाचांच्या दारात यायची.

"चाचा, औंदा आंबे लय लागले हुते ना? मग माझा तांदूळ कुठं गेला?"

"अदबीनं खाल्ला गो," चाचा म्हणायचे.

आणि रमजानात काय होतं? त्याच बायका शेठच्या ओट्यापुढे रांगेत उभ्या राहतात. शेठ जकातीचं दान वाटतात. आम्ही म्हणतो, केवढं मोठं मन! जकात शेठवर फर्ज आहे, ती त्यांनी द्यावीच. पण तांदूळ त्या बायकांचा हक्क होता. हक्क बुडवला आणि हात पसरायला शिकवलं. हे त्यांच्या एकट्याच्या हातून झालं नाही. आपण सगळे गप्प बसलो, म्हणून झालं.

चाचा एकदा माझ्या ओटीवर बसून म्हणाले, "मास्तर, अदब दाखवायची तर आपल्या घरच्या पातेल्यातनं दाखवावी. आपण ती मरियमच्या पातेल्यातनं दाखवतोय."

मी मान हलवली. मान हलवायला पैसे पडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी चाचांनी कुडपणच्या धोंडूला बोलीला बोलावलं. धोंडू डोंगरातले आंबे पोलादपूरच्या बाजारात नेऊन विकतो. तो बिचकला.

"चाचा, मला तुमच्यात बसू देतील का?"

"बसायला कोण सांगतोय रे तुला? उभा राहा, आणि मोठ्यानं बोल."

हमीदशेठ साठ म्हणाले. धोंडू म्हणाला, दोनशे.

शेठ उठले. "आता बाहेरची माणसं आणून आमची इज्जत काढा," म्हणाले, आणि निघाले. मागोमाग सगळे उठले. पारापाशी चाचा आणि धोंडू, दोघंच उरले. मीही उठलो. चाचांशी नजर भिडू नये म्हणून खाली वाकून कितीतरी वेळ चपला शोधत राहिलो. चपला माझ्या पायांतच होत्या.

पुढच्या शुक्रवारी चाचांच्या जागी मुतवल्ली नवे होते. पुन्हा लावलेली बोली साठच होती.

त्यानंतर चाचांना कुणी लग्नाचं आवतण दिलं नाही. त्यांच्या सलामाला लोक ओठातल्या ओठात उत्तर द्यायचे. एकदा बाजारात समोरासमोर आलो. मी मिरच्या निवडायला लागलो. ते जवळ आले, हसले आणि हळूच म्हणाले, "काय मास्तर, चपला सापडल्या का?"

त्यांचं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

धोंडू आज डोंगर उतरून आला आहे. मघापासून बाहेर पायरीवर बसलाय. त्याला आत ये म्हणायला आठ दिवसांच्या दुःखातही आपल्याला सुचलं नाही. धोंडू, आत ये. इथे माझ्या जागेवर बस.

येत्या शुक्रवारी बोली आहे. हमीदशेठ साठ म्हणतील. मी एकसष्ट म्हणणार आहे. माझ्याकडे एकसष्ट आहेत, त्यापुढे नाहीत. त्यापुढचं तुमच्यापैकी कुणीतरी बोलायचं आहे. माझ्यावर बोली चढवलीत, तर माझा अपमान होणार नाही.

आता चाचांसाठी थोडा वेळ उभे राहू. गप्प कसं राहायचं हे आपल्याला सांगावं लागत नाही. फक्त या वेळी मध्येच उठून कुणी निघून जाऊ नका.

अब्बासचाचा, चपला सापडल्या. सलाम.